डिस्ट्रिक्ट सिक्स: कागद नसलेल्यांचे दप्तर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील केपटाऊनविषयीचा प्रवासलेख आवडीने वाचला. टेबल माउंटनवर जाणारा पाळणा, रॉबेन बेटावरील मंडेला यांची कोठडी आणि बोल्डर्स किनाऱ्यावरचे पेंग्विन यांना लेखकाने भरपूर जागा दिली, त्याबद्दल तक्रार नाही. लेखाच्या अखेरीस मात्र ‘वेळ उरल्यास शहरातील वर्णभेदाचे छोटेसे संग्रहालयही पाहून घ्यावे’ असे एक वाक्य आहे, आणि हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे. सोबतच्या वर्णनावरून ते बायटनकांट रस्त्यावरील डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय आहे यात शंका राहत नाही. वर्णभेदाचे संग्रहालय म्हणून जे प्रसिद्ध आहे ते जोहान्सबर्गला आहे. ते २००१ साली उघडले आणि त्याची इमारत, आवाका, हेतू सारेच मोठे आहे. केपटाऊनचे हे संग्रहालय एका वस्तीचे आहे. त्या वस्तीतून उठवल्या गेलेल्या माणसांनी ते उभे केले, आणि हा फरक ठाऊक नसेल तर तिथे पाहण्याजोगे फारसे काही नाही असे वाटूनच मनुष्य बाहेर पडेल.

हे मी स्वानुभवाने लिहितो. मुलीकडे केपटाऊनला गेलो असताना मी या संग्रहालयात दोनदा गेलो आणि पहिल्या खेपेस अर्ध्या-पाऊण तासात बाहेर आलो. जुनी छायाचित्रे, घरगुती भांडी, रस्त्यांच्या पाट्या, एक भलामोठा नकाशा आणि भरतकाम केलेले कापड, एवढेच तेव्हा दिसले. दुसऱ्या खेपेस मात्र मी त्या नकाशापाशीच थांबलो. माझी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. मोजणी, टिपण, फाळणी आणि गाव नकाशे यांत आयुष्य गेलेल्या माणसाला नकाशा दिसला की पाय आपोआप अडखळतात, एवढेच त्याचे कारण. पण त्या नकाशाविषयी लिहिण्यापूर्वी वस्तीविषयी थोडे सांगणे भाग आहे.

डिस्ट्रिक्ट सिक्स हे नावच दप्तरी आहे. १८६७ साली केपटाऊन नगरपालिकेने शहराचे विभाग पाडले, त्यांतला हा सहावा. बंदर आणि बाजार यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, डोंगराच्या उतारावर वसलेल्या या भागात गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांचे वंशज, मलायी वंशाचे मुसलमान, खोसा भाषा बोलणारे आफ्रिकी, पूर्व युरोपातून आलेले यहुदी, भारतीय दुकानदार आणि गोदीतील मजूर शेजारी शेजारी राहत. हॅनोव्हर स्ट्रीट हा मुख्य रस्ता. त्यावर दुकाने, न्हाव्यांच्या खुर्च्या आणि बायस्कोपची थिएटरे होती. हो, तिथेही सिनेमाला बायस्कोपच म्हणत. या वस्तीतील पहिले विस्थापन १९०१ साली झाले. केपटाऊनात प्लेगची साथ आली आणि आफ्रिकी रहिवाशांना आरोग्याचे कारण दाखवून शहराबाहेर, पुढे एनडाबेनी नावाने ओळखल्या गेलेल्या ठिकाणी नेण्यात आले. प्लेगच्या निमित्ताने घरात शिरणारे सरकार पुण्याने त्याआधी चारच वर्षे पाहिले होते; साथ तीच होती आणि साम्राज्यही तेच.

पुढचे विस्थापन कायद्याने झाले. कोणत्या वंशाच्या माणसाने शहराच्या कोणत्या भागात राहावे हे ठरवणारा ग्रुप एरियाज ॲक्ट १९५० साली आला, आणि ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स हा गोऱ्यांचा विभाग म्हणून जाहीर झाला. तेव्हा समाजविकास खात्याचे मंत्री पी. डब्ल्यू. बोथा होते, जे पुढे देशाचे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झाले. १९६८ पासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत साठ हजारांहून अधिक माणसे शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर, केप फ्लॅट्स या वाळूच्या सपाटीवर नेऊन टाकण्यात आली. कुटुंबांची वर्गवारी वंशानुसार होत असल्यामुळे शेजारी वेगळे झाले, आणि काही घरांत तर एकाच कुटुंबातील माणसांच्या वाट्याला निरनिराळे वंश व निरनिराळ्या वस्त्या आल्या. घरे बुलडोझरने पाडली. मशिदी आणि चर्चे तेवढी राहिली. १९७० साली वस्तीचे नावही बदलून झोनेब्लूम करण्यात आले. आणि एवढे करून त्या जागेवर गोऱ्यांचे नगर काही वसले नाही. एक तंत्रनिकेतन उभे राहिले, काही सरकारी निवासस्थाने झाली, आणि उरलेल्या उतारावर गवत वाढले. शहराच्या ऐन मध्यभागी अशी मोकळी जमीन पाहून मोजणीदाराला प्रथम प्रश्न पडतो तो हाच, की हिचे उतारे कुणाच्या नावावर आहेत?

हा प्रश्न वरवर कोरडा वाटला तरी संग्रहालयाचा जन्म त्यातूनच झाला आहे. डिस्ट्रिक्ट सिक्समधील बहुसंख्य लोक भाडेकरू होते. घरमालक बहुधा इतरत्र राहत. त्यामुळे वस्ती पाडली गेली तेव्हा रहिवाशांच्या हाती जागेचा असा कागदच नव्हता. ज्याच्या नावाने उतारा त्याला मोबदला मिळाला. ज्याच्या तीन पिढ्या त्या घरात जन्मल्या त्याच्या हातात घर सोडण्याची नोटीस पडली. कोकणातल्या वाचकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, हा प्रकार कुळकायदा येईपर्यंत आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या चालला होता, आणि कायदा आल्यावरही जुन्या पीकपाहणीत आजोबांचे नाव सापडते का हे शोधत किती माणसे आमच्या कचेरीच्या पायऱ्या चढली, ते मी पाहिले आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या मोकळ्या जमिनीवर नवी बांधकामे करण्याचे बेत पुढे येऊ लागले, तेव्हा ‘डिस्ट्रिक्ट सिक्सला हात लावू नका’ अशी मोहीम उभी राहिली. तिच्यातूनच १९८९ साली संग्रहालयासाठी प्रतिष्ठान स्थापन झाले. म्हणजे येथे वस्तू आधी जमल्या आणि त्यांच्यासाठी इमारत मागाहून शोधली असे घडलेले नाही. जमिनीवरचा हक्क बुडू नये म्हणून आठवणी गोळा करणे सुरू झाले. जागा मिळाली ती वस्तीच्या काठावरील मेथडिस्ट चर्चची. ही इमारत मुळात मद्याचे कोठार होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्त गुलामांच्या वंशजांची मंडळी तिथे प्रार्थनेला जमू लागली. वर्णभेदाच्या काळात, जवळच कॅलेडन स्क्वेअरचे पोलीस ठाणे असूनही, याच चर्चने विरोधकांना आसरा दिला, आणि कातडीच्या रंगापायी ज्यांना घरे सोडावी लागली त्यांचे स्मरण लाजेने करा, असे येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगणारी पाटी भिंतीवर लावली. माणसेच उठवली गेल्यावर चर्चमध्ये येणार कोण? ते ओस पडले आणि १९९४ च्या डिसेंबरमध्ये तिथे संग्रहालयाचे पहिले प्रदर्शन भरले. त्याचा विषय होता रस्ते. ते काही आठवड्यांपुरतेच ठेवण्याचा बेत होता. पण जुन्या रहिवाशांची रीघ लागली आणि ते पुन्हा उतरवता आले नाही.

त्या प्रदर्शनातील पाट्या आजही छतापासून खाली लोंबतात. टायन स्ट्रीट, हॅनोव्हर स्ट्रीट आणि अशा सत्तरहून अधिक मूळ पाट्या तिथे आहेत. वस्ती पाडण्याच्या कामावरच्या एका मुकादमाने त्या टाकून न देता इतकी वर्षे आपल्याकडे जपून ठेवल्या होत्या आणि अखेर संग्रहालयाच्या स्वाधीन केल्या. ज्याच्या देखरेखीखाली भिंती पडल्या त्यानेच पाट्या राखल्या, ही गोष्ट तिथे लपवलेली नाही आणि तिचे कौतुकही वाजवीपेक्षा अधिक केलेले नाही. मला ते आवडले.

आता तो नकाशा. चर्चच्या मधल्या दालनातील जमिनीवर संपूर्ण वस्ती हाताने रंगवलेली आहे; वर संरक्षक थर दिलेला असून लोक त्यावरून चालत जातात. मोजणीच्या कसोटीला तो उतरणार नाही. पण त्यावर जे आहे ते कुठल्याही सरकारी नकाशावर नसते. जुना रहिवासी येतो, रस्त्यांच्या नावांवरून वाट काढत आपल्या घराच्या जागी पोहोचतो आणि तिथे आपल्या कुटुंबाचे नाव लिहितो. त्याच्यानंतर कोणी येऊन बाजूला शेजाऱ्याचे लिहितो, कोणी दुकानाचे, कोणी शाळेचे. नावे मालकांची नसून राहणाऱ्यांची आहेत, हे ध्यानात यायला मला दोन खेपा लागल्या. आमच्या खात्यात जागेवर जाऊन पंचनामा करताना शेजारच्या खातेदारांना बोलावून हद्द दाखवायला लावतात. एकाने दाखवलेली हद्द दुसऱ्याने मान्य केली की ती कागदावर येते. इथे हेच चालले होते, फक्त हद्दीचे दगड शिल्लक नव्हते आणि पंच मंडळी सत्तरीच्या पुढची होती. एक वृद्ध गृहस्थ त्या नकाशावर उभे राहून दुसऱ्यांशी एका कोपऱ्यावरच्या दुकानाच्या जागेवरून वाद घालीत होते. दोघांचे एकमत होईना. कोणाही संग्रहालयाच्या अधिकाऱ्याने मध्ये पडून निर्णय दिला नाही, आणि बहुधा तिथे तशी पद्धतही नसावी.

नकाशावर लिहिलेले नाव न्यायालयात पुरावा ठरले, असे मला सुचवायचे नाही. परंतु १९९४ साली नव्या सरकारने जमीनहक्क परत देण्याचा जो कायदा केला त्यात दोन तरतुदी अशा आहेत की त्यांच्यामुळे अशा नकाशाला अर्थ येतो. एक म्हणजे नोंदणी नसलेला हक्क, दीर्घकाळ केलेला वापर हाही जमिनीवरचा हक्क मानला गेला, आणि त्यामुळे भाडेकरूंनाही दावा करता आला. दुसरे म्हणजे जमीन-दावे न्यायालयाला तोंडी पुरावा, इतकेच नव्हे तर ऐकीव माहितीही, योग्य वाटल्यास विचारात घेण्याची मोकळीक मिळाली. कागदाशिवाय एक पाऊलही न टाकणाऱ्या खात्यात मी वाढलो असल्यामुळे पहिल्यांदा हे वाचले तेव्हा कपाळाला आठी पडली होती. मग विचार केला, की ज्यांना कागद मिळूच दिला नाही त्यांच्याकडे कागद मागणे हा कसला न्याय? दाव्यांची मुदत १९९८ च्या अखेरपर्यंत होती. त्या वर्षांत चर्चच्या याच दालनात बैठका भरत, माणसे एकमेकांना शोधून काढीत, कोण कुठे राहत होते याची जुळणी करीत. संग्रहालय आणि दावेदारांची कचेरी यांत फारसा फरक उरला नव्हता.

कायद्याची एक मर्यादा मात्र नमूद केली पाहिजे. १९ जून १९१३ नंतर हिरावलेल्या जमिनीसाठीच दावा करता येतो. म्हणजे १९०१ साली प्लेगच्या नावाखाली उठवलेल्या आफ्रिकी कुटुंबांना या कायद्याखाली काही मागता येत नाही. संग्रहालयाने मात्र ही तारीख पाळलेली नाही. वस्तीची हकीकत सांगताना ते विस्थापनाची सुरुवात १९०१ पासूनच करते, आणि एवढ्याने का होईना, कायद्याने ज्यांच्यासाठी दार बंद ठेवले त्यांची नोंद राहते.

नकाशाखेरीज दुसरी मोठी वस्तू म्हणजे कापड. साध्या सुती कापडाच्या लांबच लांब पट्ट्यावर येणारे माजी रहिवासी आपले नाव, जुना पत्ता, चार ओळी लिहितात आणि नंतर त्या अक्षरांवर धाग्याने टाके घातले जातात, म्हणजे शाई उडाली तरी मजकूर राहावा. दर काही काळाने नवे कापड जोडावे लागते. वस्तू पूर्ण झाली, काचेत ठेवली, क्रमांक दिला, असे या संग्रहालयात कोणत्याच महत्त्वाच्या वस्तूचे झालेले नाही, आणि प्रवाशाला ते अर्धवट वाटते त्याचे कारणही हेच असावे.

सगळेच मला पटले असे नाही. मागे वळून पाहताना वस्ती अधिक गोड दिसते, हा दोष इथेही आहे. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये एकेका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबे होती, डागडुजी न करणारे घरमालक होते, टोळ्या होत्या. ही वस्ती म्हणजे गलिच्छ झोपडपट्टी आहे, हेच तर सरकारने पाडापाडीचे कारण म्हणून पुढे केले होते. त्यामुळे आता गरिबीविषयी बोलताना जुने रहिवासी हात राखून बोलतात, हे समजण्यासारखे आहे. २००० साली इमारतीची दुरुस्ती होऊन जे नवे प्रदर्शन मांडले गेले त्यात एका आफ्रिकी कुटुंबाची एकच खोली, तिच्यातील अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाच्या सामानासह उभी केलेली आहे. झोपणे, स्वयंपाक आणि पाहुणे, सारे त्या एका खोलीत. तिथे मला गोडवा दिसला नाही, आणि दालनातला सर्वांत प्रामाणिक कोपरा तोच वाटला.

आपल्या वाचकांसाठी या विषयाचा एक धागा थेट घरापर्यंत येतो, म्हणूनही हे पत्र लांबले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनला जाऊन पोहोचलेल्या भारतीयांत सुरतेकडचे लोक होते, तसेच रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील कोकणी मुसलमानही मोठ्या संख्येने होते. कोणी दुकानात नोकर म्हणून लागले, कोणी भाजी-फळांची फेरी केली, काहींनी पुढे स्वतःची कोपऱ्यावरची दुकाने काढली. डिस्ट्रिक्ट सिक्समध्येही ती होती. बायकामुले बहुधा गावीच असत. गावी येऊन परत जायचे तर १९०६ च्या कायद्यानुसार छायाचित्र आणि बोटांचे ठसे असलेला परवाना काढावा लागे, आणि त्यातील मुदत टळली तर परतीचा मार्ग कायमचा बंद होई. पावसात बोट चुकली, घरात आजारपण निघाले, एवढ्यावरून केपमधले बस्तान गेलेली माणसे या जिल्ह्यात असणार. जे तिथे टिकले त्यांच्या मुलानातवंडांना १९६६ नंतर ‘इंडियन’ या शिक्क्याखाली रायलँड्स किंवा क्रेव्हनबी या भारतीयांसाठी राखलेल्या वस्त्यांत जावे लागले. त्या परवान्यांच्या फायली केपटाऊनच्या सरकारी अभिलेखागारात आहेत आणि अभ्यासकांनी त्यांवर कामही केले आहे. फायलींची दुसरी बाजू मात्र इकडे, कोकणातल्या घरांच्या माळ्यावर असण्याचा संभव आहे.

लेखात नसलेली आणखी एक गोष्ट. २००४ साली, ११ फेब्रुवारीलाच, ऐंशी ओलांडलेल्या दोन माजी रहिवाशांना नेल्सन मंडेला यांच्या हस्ते डिस्ट्रिक्ट सिक्समधील नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यानंतरचे काम फार रेंगाळले, दावेदारांना पुन्हा न्यायालयात जावे लागले, आणि वाट पाहता पाहता कित्येकजण वारले. २०१९ साली वस्तीला तिचे जुने नाव अधिकृतपणे परत मिळाले. दर ११ फेब्रुवारीला माजी रहिवासी मोकळ्या उतारावर चालत जातात आणि तिथल्या दगडांच्या राशीवर एकेक दगड ठेवतात. त्या दिवशी केपटाऊनात असलेल्या प्रवाशाने पाळण्याचे तिकीट दुसऱ्या दिवसाचे काढावे. आणि इतर दिवशी जाणाऱ्याने वेळ उरण्याची वाट न पाहता सकाळीच जावे, कारण त्या सुमारास माजी रहिवाशांपैकी कोणी वाटाड्या म्हणून भेटण्याची शक्यता असते. त्यांच्याशिवाय तो नकाशा वाचता येणे कठीण आहे.

शेवटी एक विनंती, आपल्या वृत्तपत्राच्या रत्नागिरी आणि रायगड आवृत्तीच्या वाचकांना. आपल्या घरात केपटाऊनहून आलेली पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, बोटीची तिकिटे, ठशांचे परवाने किंवा दुकानासमोर उभे राहून काढलेली छायाचित्रे असतील तर पावसाळ्यापूर्वीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नयेत. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना बसवून प्रत्येक छायाचित्राच्या मागे माणसाचे नाव, गाव आणि आठवत असल्यास केपटाऊनमधील रस्त्याचे नाव लिहून ठेवावे. पेन्सिलीने लिहावे, बॉलपेनाची शाई पुढच्या बाजूस उमटते.

आपला,
भूमी अभिलेख खात्यातील एक निवृत्त कर्मचारी,
चिपळूण